दोनशे डॉलरचे अंतर

संगणक घेताना आपण एखादी ऑपरेटिंग सिस्टीम का निवडतो? गुणवत्ता पारखून, असे उत्तर बहुतेकजण देतील. गॅरी किल्डॉल यांचे आयुष्य मात्र वेगळेच काही सांगते.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. १९७२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाची संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते अध्यापन करीत. त्याच सुमारास इंटेलचे नवे मायक्रोप्रोसेसर त्यांच्या हाती आले. या चिमुकल्या चिपवर पूर्ण संगणक उभा राहू शकेल, हे त्यांनी फार लवकर ओळखले आणि १९७४ मध्ये फ्लॉपी डिस्क हाताळणारी ‘सीपी/एम’ ही प्रणाली सिद्ध केली. पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी स्थापन केलेली डिजिटल रिसर्च ही कंपनी पॅसिफिक ग्रोव्ह गावातून ती विकू लागली.

त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची रचना निराळी असे. किल्डॉल यांनी यंत्रागणिक बदलणारा भाग ‘बायोस’ नावाच्या छोट्या तुकड्यात वेगळा काढला. तेवढाच नव्याने लिहिला की उरलेली प्रणाली कोणत्याही उत्पादकाच्या यंत्रावर चाले. त्यामुळे वर्डस्टारसारखे प्रोग्रॅम सीपी/एमसाठी तयार झाले. ग्राहकांना खरे तर हे प्रोग्रॅम हवे होते. प्रणाली त्यांच्यामागोमाग घरात आली.

१९८० मध्ये आयबीएमचे प्रतिनिधी पॅसिफिक ग्रोव्हला आले. त्या दिवशी किल्डॉल स्वतःचे विमान घेऊन कामानिमित्त ग्राहकाकडे गेले होते. गुप्ततेच्या करारावरून बोलणी अडली. पुढे काय घडले, याविषयी मतभेद आहेत. परंतु किल्डॉल यांनी हौसेखातर संधी दवडली, ही दंतकथा मात्र कायम राहिली. आयबीएमने मायक्रोसॉफ्टकडे मोर्चा वळविला. मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका कंपनीकडून सीपी/एमच्या धर्तीवर बेतलेली प्रणाली विकत घेतली. तिचीच डॉस झाली.

किल्डॉल यांनी हरकत घेतल्यावर आयबीएमने सीपी/एमची नवी आवृत्तीही विकण्याचे मान्य केले. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. डॉसची किंमत होती ४० डॉलर. काही महिन्यांनी आलेल्या सीपी/एम-८६ ची २४०. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाने दोहोंच्या गुणदोषांची तुलना केली नाही, किमतीची केली. डॉसचे ग्राहक वाढले, म्हणून प्रोग्रॅम डॉससाठी लिहिले गेले. आणि प्रोग्रॅम डॉसचे, म्हणून पुढचे ग्राहकही डॉसचेच झाले. ज्या चक्राने सीपी/एमला वर नेले, त्याच चक्राने तिला खाली आणले.

किल्डॉल खचून बसले नाहीत. ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे ते सहनिवेदक होते. डिजिटल रिसर्चने डीआर-डॉस काढून झुंजही दिली. पण १९९१ मध्ये कंपनी नॉव्हेलने घेतली. ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, डोक्याला झालेल्या दुखापतीने मॉन्टेरी येथे त्यांचे निधन झाले.

आजही फोन किंवा लॅपटॉप घेताना त्यावर आपले काम चालेल का, सोबतचे लोक काय वापरतात आणि किंमत किती, हेच आपण आधी पाहतो. त्यात गैर काही नाही. मात्र जे जिंकले तेच श्रेष्ठ होते, असे म्हणण्यापूर्वी किल्डॉल यांचे स्मरण व्हावे.