एका शोकप्रस्तावासाठी

२३ जून १८९४. या दिवशी राणी व्हिक्टोरियाला पणतू झाला आणि त्याच दिवशी दक्षिण वेल्समधल्या अल्बियन कोळसाखाणीत स्फोट होऊन २९० माणसे आणि पोरे मेली. आठवड्याच्या आतच ब्रिटिश पार्लमेंटने राजघराण्याचे अभिनंदन केले. फ्रान्सच्या अध्यक्षांचा खून झाला होता, त्याबद्दल दुःखही व्यक्त केले. खाणीतल्या मृतांसाठी मात्र वेगळा ठराव मांडायची गरज सरकारला वाटली नाही. तेव्हा एकच सभासद विरोधात उभा राहिला. त्याचे नाव किअर हार्डी.

हा माणूस खाणीतूनच वर आला होता. जन्म १५ ऑगस्ट १८५६, स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरचा. आई मोलकरीण, तीही अविवाहित. पुढे तिने एका जहाजावरच्या सुताराशी लग्न केले. आठव्या वर्षापासून पोर कामाला लागले. बाप बेकार, भाऊ तापाने फणफणलेला, अशात एका सकाळी बेकरीत पोचायला उशीर झाला. मालकाने काढून टाकलेच, वर आठवड्याची मजुरीही कापली. दहाव्या वर्षी तो खाणीत उतरला. अंधारात बसून हवेचे दार उघडायचे आणि लावायचे, हे त्याचे काम. वाचायला आईने शिकवले, लिहिणे रात्रशाळेत आले.

मजुरी कापण्याविरुद्ध त्याने खाणकामगारांना एकत्र केले, तेव्हा मालकांनी त्याला आणि त्याच्या भावांना कामावरून काढले. मग संघटना हेच काम झाले. १८८८ साली हार्डी पोटनिवडणुकीला उभे राहिले. माघार घेतल्यास पुढे खात्रीची जागा आणि वर्षाला ३०० पौंड, असा लिबरल पक्षाचा निरोप आला. गाठीला काही नसताना समोर आलेली रक्कम नाकारणे किती अवघड असते, हे बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला वेगळे सांगायला नको. हार्डींनी ती नाकारली. मते पडली ६१७.

१८९२ साली ते निवडून आले आणि रेशमी हॅटांच्या त्या सभागृहात कापडी टोपी घालून गेले. १८९४ च्या त्या भाषणात आरडाओरडा सुरू असताना त्यांनी भाकीत केले, की हा मुलगा खुशमस्कऱ्यांत वाढेल आणि पुढे त्याच्या विवाहावरून देशाला घोर लागेल. हाच मुलगा आठवा एडवर्ड. १९३६ साली विवाहापायी त्याने गादी सोडली.

१८९५ साली हार्डी पडले. पण १९०० मध्ये त्याच दक्षिण वेल्समधल्या मर्थर टिडफिलने त्यांना पुन्हा पाठवले. १९०६ साली मजूर पक्षाचे २९ सभासद आले, त्यांचे पहिले नेते हार्डी. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. बंगालमधली दडपशाही पाहून त्यांनी इथल्या लोकांना स्वराज्य द्यावे असे बोलून दाखवले, तर लंडनची वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडली. १९०९ साली त्यांनी हिंदुस्थानावर पुस्तकही लिहिले.

शिव्या परक्यांच्या होत्या तोवर त्यांनी त्या पचवल्या. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. कामगाराने कामगाराला का मारावे, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्याच मतदारसंघातल्या ॲबरडेअरच्या सभेत, त्यांच्याच माणसांनी त्यांना बोलू दिले नाही. त्या सभेनंतर ते खचत गेले. २६ सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, ग्लासगोत ते वारले. रिकाम्या झालेल्या जागेवर मर्थरने युद्धाचा कट्टर समर्थक निवडून दिला. तोही खाणकामगारांचाच पुढारी होता.