चाऱ्याचे शास्त्रज्ञ : आर्टुरी विर्तानेन

दहावीचा निकाल लागला की पालक शाळेत भेटायला येतात. गुण चांगले असले तर मुलाला डॉक्टर किंवा इंजिनिअर करायचे असते, कमी असले तर शिक्षण पुरे करून कामाला लावायचे असते. दुग्धशास्त्र, पशुखाद्य, शेतीचे रसायनशास्त्र हीसुद्धा विज्ञानाची क्षेत्रे आहेत असे सुचविले, तर गोठ्यात उभे राहण्यासाठी का एवढे शिकायचे, असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाला ज्यांच्या आयुष्याने उत्तर दिले, अशा एका थोर शास्त्रज्ञाचा परिचय येथे करून देत आहे.

आर्टुरी इल्मारी विर्तानेन यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे झाला. वडील रेल्वेत इंजिनचालक होते. व्हिपुरी या गावी शालेय शिक्षण संपवून ते हेलसिंकी विद्यापीठात दाखल झाले आणि रसायनशास्त्रात १९१९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे झुरिक व स्टॉकहोम येथेही त्यांनी अभ्यास केला. एवढा शिकलेला माणूस नोकरीला कोठे लागला, तर लोणी आणि चीज तपासणाऱ्या सरकारी केंद्रात! तेथून ते सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेले आणि १९२१ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तिचे संचालक झाले.

फिनलंड हा उत्तरेकडील थंड देश. १९१७ साली नुकताच स्वतंत्र झालेला. लोणी परदेशी पाठवून चार पैसे मिळवावेत, ही शेतकऱ्याची आशा. परंतु तेथील हिवाळा मोठा लांब. महिनोन्‌महिने गुरे गोठ्यात बांधलेली असत. उन्हाळ्यातले हिरवे गवत वाळवून ठेवावे, तर पाऊस ते नासवी आणि वाळवण्यातही त्यातील जीवनसत्त्वे पुष्कळशी नष्ट होत. त्यामुळे हिवाळ्यात दूध कमी आणि लोणी फिकट. बाहेरून पेंड विकत आणावी, तर गरीब शेतकऱ्याला ती परवडत नसे.

आपल्याकडे मुरघास करतात तसा ओला चारा दाबून ठेवण्याची पद्धत तेथेही होती. पण कापलेले गवत लगेच मरत नाही. ते श्वास घेते, तापते आणि त्यात शिरलेले जंतू प्रथिनांची नासाडी करतात. चाऱ्याला दुर्गंधी येते व त्याचा कस जातो. विर्तानेन यांनी या नासाडीचे मूळ शोधले. आम्लता मोजण्याचा पीएच नावाचा आकडा ४ च्या खाली गेला, की हे अनिष्ट व्यवहार जवळजवळ थांबतात, असे त्यांना आढळले. चारा आपोआप आंबण्याची वाट पाहिली तर तोवर नुकसान होऊन गेलेले असते. तेव्हा हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्लांचे पातळ मिश्रण ताज्या गवतावर सुरुवातीलाच शिंपडावे, असा उपाय त्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस काढला.

गुरांना आम्ल खाऊ घालायचे, हे ऐकून कोणीही दचकेल. पण विर्तानेन यांनी केवळ प्रयोगशाळेतील निष्कर्षावर विसंबून शेतकऱ्याला सल्ला दिला नाही. गायींना तो चारा घालून त्यांची प्रकृती, दूध आणि लोणी या सर्वांची काळजीपूर्वक तपासणी केली. स्वतःची शेती घेऊन तेथेही आपले विचार पडताळून पाहिले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत ‘ए.आय.व्ही.’ म्हणून प्रसिद्ध झाली व फिनलंडबाहेरही पसरली. आपल्याकडच्या बरसीमच्या जातकुळीतील क्लोव्हरसारख्या पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र कसा बांधून घेतात, याचाही त्यांनी दीर्घ अभ्यास केला. शेतकऱ्याने प्रथिनयुक्त चारा स्वतःच्याच रानात पिकवावा आणि तो हिवाळाभर टिकवावा, हे त्यांच्या सर्व कामामागचे सूत्र होते. १९४५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानासाठी फिनलंडला मिळालेले ते पहिले नोबेल होय.

पारितोषिक मिळाल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. गायीच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. माणसाला न पचणारे तंतू ते पचवितात आणि साध्या नत्रापासून स्वतःच्या शरीरात प्रथिने तयार करतात. पुढे हेच जंतू पचून गायीला प्रथिने मिळतात. मग चाऱ्यात प्रथिने मुळीच नसली तर गाय दूध देईल काय? विर्तानेन यांनी काही गायींना स्टार्च, साखर व शुद्ध सेल्युलोज यांच्याबरोबर नत्रासाठी फक्त युरिया व अमोनियाचे क्षार देऊन पाहिले. जंतूंना सवय व्हावी म्हणून हा बदल हळूहळू केला. गायी दूध देत राहिल्या. एखाद्या गायीचे वर्षाचे दूध तर ४००० किलोच्या घरात गेले! १९६६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. माणसाच्या तोंडचे धान्य न घेताही गाय माणसाला दूध देऊ शकते, हा त्याचा अर्थ. निकृष्ट कडब्यावर गुरे पाळणाऱ्या आपल्यासारख्या देशाला त्याचे मोल अधिक कळावे. मात्र युरिया प्रमाणाबाहेर गेला तर जनावराला विषबाधा होते. म्हणून जाणकाराच्या सल्ल्यावाचून हा प्रयोग कोणी करू नये.

११ नोव्हेंबर १९७३ रोजी विर्तानेन यांचे निधन झाले. इंजिनचालकाचा हा मुलगा आयुष्यभर गवत, गाय आणि लोणी यांचाच अभ्यास करीत राहिला.

गुराढोरांच्या पोटातून मिळणाऱ्या दुधात विचार करणाऱ्यांसाठी बोध आहे, याकडे कुरआन शरीफच्या सूरए नहलमध्ये लक्ष वेधले आहे. आपण ती सूरत अदबीने वाचतो. पण विचार करण्याचे काम दुसऱ्यांवर सोपवून मोकळे होतो. आपल्या समाजात दुधाचा धंदा करणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलामुलींनी गोठ्याची लाज बाळगून शिकू नये, तर त्या गोठ्यातलेच प्रश्न घेऊन कृषी व पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दारात उभे राहावे. पालकांनीही पुढच्या निकालाच्या दिवशी मुलाचे गुण विचारण्याआधी त्याची आवड विचारावी, एवढीच विनंती.