कै. बाळू पालवणकर : गुण आणि मान

गोवंडी परिसरातील आपल्या सभासद-कुटुंबांना बाळू पालवणकर हे नाव अपरिचित नाही. चर्मकार ज्ञातीत जन्मलेला हा पुरुष एके काळी हिंदुस्थानातील पहिल्या प्रतीचा गोलंदाज होता, एवढे वडीलधाऱ्या मंडळींकडून तरुणांच्या कानांवर आलेले असते. परंतु नाव ठाऊक असणे वेगळे आणि चरित्र ठाऊक असणे वेगळे. बाळूंच्या निधनाला आता सत्तर वर्षे होऊन गेली. ज्या काळात त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना हवा होता, पण त्यांच्या हातचे पाणी कोणालाही चालत नव्हते, त्या काळात त्यांनी आपला मार्ग कसा काढला, हे नव्या पिढीपुढे मांडावे, एवढाच ह्या अल्पशा लेखाचा हेतू आहे.

पालवणकर घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण. बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे पुढे कुटुंब पुण्यास आले. पुणे-खडकीच्या छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या फळ्या व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. शिक्षक नाही, शाळेचे मैदान नाही, अंगावर पुरता पोशाखही नाही, अशा अवस्थेत हा विद्याभ्यास झाला.

घरची स्थिती बेताची असल्याने बाळूंना लहानपणीच कामास लागावे लागले. प्रथम त्यांनी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात दरमहा तीन रुपयांवर मैदानाची झाडलोट व देखभाल केली. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. रूळ फिरवावा, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा ओढाव्यात, सरावासाठी जाळी उभारावी, हे त्यांचे काम. तेथील एका गोऱ्या खेळाडूने त्यांना जाळीत चेंडू टाकण्यास सांगितले, आणि मैदानावरच्या गड्यातला गोलंदाज प्रकट झाला. डाव्या हाताने, संथ गतीने, एकाच धाटणीने हात फिरवून चेंडू कधी आत तर कधी बाहेर वळविण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणांस बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देण्याचे ग्रेग यांनी कबूल केले होते, अशी कथा सांगितली जाते. मात्र क्लबात बाळूंना फळी हाती घेण्याची संधी क्वचितच मिळे. फलंदाजी हा साहेबांचा मान समजला जाई. गोलंदाजीचे कष्ट चाकराने उपसावयाचे!

पुण्याच्या हिंदू क्लबाचे युरोपियनांशी सामने होऊ लागले, तेव्हा बाळूंना संघात घ्यावे की नाही, असा पेच पडला. त्यांच्यावाचून जिंकणे कठीण, आणि त्यांच्यासह खेळणे म्हणजे विटाळ! अखेर विजयाची इच्छा सोवळ्यावर मात करून गेली. बाळू संघात आले. परंतु तडजोड कशी झाली, ते लक्षात घेण्यासारखे आहे. मैदानावर ते सहकारी. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. भोजनासही त्यांचे पान वेगळे मांडले जाई. सातारा येथे गोऱ्यांच्या जिमखान्यावर त्यांनी हिंदू संघास विजय मिळवून दिला, तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्यासह आपण खेळतो त्याच्यासह जेवण्यास हरकत कोणती, हा प्रश्न त्या निमित्ताने सुशिक्षितांपुढे उभा राहिला.

पुण्यात प्लेगचा कहर झाला, त्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले, पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरीही मिळाली. जिमखान्याच्या उपाहारगृहात बाळू व शिवराम यांना इतर खेळाडूंबरोबर बसून खाण्यास कालांतराने मोकळीक मिळाली. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या काळी ती एका भिंतीला पडलेली मोठी भेग होती.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा संस्मरणीय सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या; युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले आणि हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. ह्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद साऱ्या देशाला झाला. पण सुधारकांना त्यात दुसराही अर्थ दिसला. स्पृश्य आणि अस्पृश्य एकत्र आले म्हणूनच हे घडले, हे त्यांनी वृत्तपत्रांतून निदर्शनास आणले.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदुस्थानचा संघ प्रथमच इंग्लंडला गेला. बाळू व शिवराम हे दोघेही त्या संघात होते. बाळूंचे वय तेव्हा पस्तीस वर्षांचे. संघाला पराभवच अधिक पत्करावे लागले. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध तर त्यांनी एका डावात १०३ धावांत आठ गडी बाद केले. ज्याला कॉलेजचा उंबरठा कधी ओलांडता आला नाही, त्याने जगद्विख्यात विद्यापीठाच्या निवडक विद्यार्थ्यांना असा धडा द्यावा, हा योग खरोखर दुर्मिळ होय. मुंबईस परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असलेल्या तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव ह्या सत्काराच्या मानपत्राशी जोडले जाते. पुढेही बाबासाहेबांनी बाळूंकडे दीर्घकाळ समाजाचे भूषण म्हणूनच पाहिले.

एवढे होऊनही एक मान बाळूंना मिळाला नाही. तो हिंदू संघाच्या कर्णधारपदाचा. १९१२ पासून मुंबई-पुण्यात चौरंगी सामने होऊ लागले. त्यांत पालवणकर बंधू हे हिंदू संघाचे आधारस्तंभ होते. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चारही भाऊ ह्या संघातून खेळले. वयाने, अनुभवाने आणि कर्तृत्वाने बाळू ज्येष्ठ. तरी कर्णधार निवडताना दरवर्षी त्यांना डावलले जाई. त्यांच्याऐवजी निवडलेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच, हा मान वास्तविक बाळूंचा आहे, असे एका समारंभात उघडपणे सांगितले. असे निर्मळ मन पदाधिकाऱ्यांपैकी फारच थोड्यांपाशी होते.

१९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी हा अन्याय कळसास पोहोचला. पै आजारी असता कर्णधारपद प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले, आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे होणारा हा अपमान आपणांस मान्य नाही, असे निवेदन वृत्तपत्रांत प्रसिद्ध केले. खेळातील कीर्ती, लोकांचे प्रेम, पुढील निवड हे सारे त्यांनी पणास लावले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घेण्यात आले, भाऊही परतले, आणि पै यांनी सामन्यात काही काळ मैदान सोडून नेतृत्व बाळूंच्या हाती येईल अशी व्यवस्था केली. बाळूंच्या वाट्याला कर्णधारपद आले ते एवढेच. १९२३ साली मात्र विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना नमविले. थोरल्याने पेरलेले धाकट्याच्या हाती पिकले.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांप्रमाणे त्यांचीही स्वाक्षरी आहे. परंतु स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचे मत बाबासाहेबांहून भिन्न होते, आणि १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. चुरशीच्या लढतीत बाबासाहेब विजयी झाले. हा प्रसंग आपल्या घरांत आजही संकोचाने बोलला जातो. कित्येक तो टाळतातही. प्रस्तुत लेखकास तो झाकून ठेवणे योग्य वाटत नाही. हिंदू समाजात राहून, आपले कर्तृत्व दाखवून मान मिळविता येईल, ह्या श्रद्धेवर बाळूंचे सारे आयुष्य उभे होते. बाबासाहेबांचा अनुभव व अभ्यास त्यांना दुसऱ्या निष्कर्षाकडे घेऊन गेला. इतिहासाने बाबासाहेबांचा मार्ग अधिक दूरदृष्टीचा ठरविला, यात शंका नाही. तथापि, स्वतः बाळूंना कर्णधारपदासाठी काय सोसावे लागले, हे पाहिले म्हणजे त्यांचीच जीवनकथा बाबासाहेबांच्या म्हणण्याला पुष्टी देते, असे म्हणावे लागते. मतभेदामुळे त्यांची थोरवी उणी होत नाही, आणि त्यांच्या थोरवीमुळे मतभेद पुसलाही जात नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. हिंदुस्थानचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ साली झाला. तेव्हा त्यांचे खेळण्याचे वय केव्हाच उलटून गेले होते. त्यामुळे कसोटीवीरांच्या यादीत त्यांचे नाव नाही. पहिल्या प्रतीच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, एवढी नोंद मात्र त्यांच्या योग्यतेची साक्ष देण्यास पुरेशी आहे.

ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? गुण असला की मान आपोआप मिळतो, असे आपण मुलांना सांगत असतो. बाळूंचे आयुष्य सांगते की, तसे नेहमी घडत नाही. त्यांचा गुण जगाने पंचवीस वर्षे वापरला. मान मिळाला तो दोन भावांनी एकजुटीने नकार दिल्यानंतर. गोवंडीसारख्या दाटीच्या उपनगरात मोकळी मैदाने थोडी आणि साधने त्याहून थोडी. तरीही आपल्यातील एखादा मुलगा वा मुलगी शाळेच्या, कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या संघात निवडली गेली, तर तिच्या बुटांचा व प्रवासाचा खर्च ज्ञातीने उचलावा. आणि तिला न्याय नाकारला गेला, तर तिच्या पाठीशी शिवराम-विठ्ठलांप्रमाणे उभे राहावे. कै. बाळूंच्या स्मृतीला याहून योग्य आदरांजली दुसरी नाही.