हवाईसेविका बार्बरा जेन हॅरिसन

आमच्या विद्यार्थ्यांना शूर स्त्रियांची नावे विचारली, तर यादी चांदबिबी आणि झाशीच्या राणीपाशी थांबते. १९८६ साली कराचीच्या विमानतळावर प्राण वेचणारी नीरजा भनोत काहींना ठाऊक असते. तिच्या अठरा वर्षे आधी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पेटत्या विमानाच्या दारात उभी राहिलेली मुलगी मात्र आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही.

जेनचा जन्म २४ मे १९४५ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे झाला. वडील पोलीस खात्यात होते. आई १९५५ साली वारली आणि दोन्ही मुलींना वडिलांनीच वाढविले. शिक्षणानंतर तिने बँकेत नोकरी धरली. परंतु जग पाहण्याची ओढ स्वस्थ बसू देईना. मुले सांभाळण्याचे काम पत्करून ती स्वित्झर्लंडमध्ये व पुढे सॅन फ्रान्सिस्कोत राहिली आणि मे १९६६ मध्ये बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश विमान कंपनीत हवाईसेविका झाली.

८ एप्रिल १९६८ रोजी बोईंग ७०७ विमान १२७ माणसांना घेऊन हीथ्रोहून ऑस्ट्रेलियाकडे निघाले. उड्डाण होताच डाव्या पंखाचे एक इंजिन फुटून पेटले आणि थोड्याच वेळात गळून पडले. कॅप्टन टेलर यांनी चार मिनिटांच्या आत विमान परत धावपट्टीवर टेकविले. पण घाईत एक चूक राहिली. इंजिन बिघडल्यास करावयाच्या कामांची यादी वेगळी आणि आग लागल्यास वेगळी, असा त्या काळी प्रघात होता. एक यादी सोडून दुसरीकडे वळताना आगीचा दांडा ओढावयाचा राहिला व इंधन वाहतच राहिले. पुढे कंपनीने दोन्ही याद्या एक केल्या. खुर्चीत बसून वैमानिकांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या हाती मिनिटे किती होती, हेही पाहिले पाहिजे.

मागच्या दाराची जबाबदारी जेनवर होती. तिने व एका स्टुअर्डने दार उघडून घसरगुंडी फुगविली, तर ती पीळ पडून अडकली. ती सरळ करण्यासाठी स्टुअर्ड खाली उतरला आणि त्याला परत वर येता येईना. जेन एकटी उरली. प्रवाशांना गोळा करून ती दाराशी आणू लागली. काहींना तिने धीर देऊन उडी मारावयास लावले, जे कचरले त्यांना चक्क ढकलले. ज्वाळांनी तो मार्ग बंद झाला तेव्हा उरलेल्यांना तिने दुसऱ्या दाराकडे पाठविले. ती स्वतः गेली नाही. शेवटच्या रांगांपैकी एकीत एक वृद्ध, अपंग प्रवासी अडकला होता. त्याच्याजवळच तिचा मृतदेह सापडला. तेविसावे वर्ष पुरे होण्यास दीड महिना उरला होता.

१२२ माणसे वाचली. जेनसह पाच दगावली.

ऑगस्ट १९६९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. हे पदक थेट बहाल झालेल्या स्त्रिया अवघ्या चार. इतर तिघींना ते दुसऱ्या महायुद्धातील कामगिरीबद्दल मिळाले आणि त्यांपैकी एक टिपू सुलतानाच्या वंशातील नूर इनायत खान होती. शांततेच्या काळात ते मिळविणारी स्त्री एकटी जेन. यॉर्कजवळ फुलफर्ड येथे तिचे दफन झाले.