शिकारीच्या फोटोबाहेरचे शाहू महाराज

लोणावळ्याच्या ट्रेकवरून उतरताना मावळातल्या मित्राच्या जुन्या घरी चहाला थांबलात, तर भिंतीवरच्या फोटोंकडे जरा नीट बघा. एखाद्या घरात मिशीवाले पणजोबा भेटतील. हातात बंदूक, पायाशी रानडुक्कर. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ही हौस कायद्याने बंद झाली. फोटो मात्र कुणी उतरवले नाहीत. राजघराण्यांत तर अशा फोटोंनी भिंती भरल्यात. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आणि शिकारीचे फोटो बघताना तुम्हाला प्रश्न पडेलच: आरक्षण देणारे, शाळा सक्तीची करणारे राजर्षी शाहू याच घरातले ना?

हो, तेच. आणि शिकारीचं वेड त्यांनाही होतं.

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेला यशवंत दहाव्या वर्षी दत्तक गेला आणि कोल्हापूरचा शाहू छत्रपती झाला. राजकोट, मग धारवाडला शिक्षण. १८९४ मध्ये, ऐन विशीत, कारभार हाती आला. अंगकाठी पैलवानाची. कुस्ती, घोडे आणि शिकार यात माणूस रमायचा. रानडुकराची शिकार घोड्यावरून, भाला घेऊन. काळविटामागे तर शिकवलेला चित्ता सोडत. त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, गाडीतून माळावर न्यायचं, कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. पुढचा खेळ काही सेकंदांचा! नंतर देशात चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने ते आफ्रिकेतून मागवले. म्हणजे २०२२ मध्ये कुनोत आलेले आफ्रिकन चित्ते काही पहिले पाहुणे नव्हेत.

आता फोटोत सहसा नसलेल्या माणसांकडे वळू. रान वाचता येणारी, फास लावून सावज धरणारी फासेपारध्यांची जमात. इंग्रजी राजवटीने त्यांच्यावर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारलेला. ज्यांना बघून लोक दार लावून घ्यायचे, त्यांना शाहूंनी कामं दिली, राहायला जागा दिली, पहाऱ्यावर नेमलं. चोर ठरवलेल्या माणसाच्या हाती पहारा देणं, विचार करा! महार, मांग, रामोशी, बेरड या जातींना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे, ती पद्धतही त्यांनी १९१८ मध्ये बंद केली. १९०२ चं ५० टक्के आरक्षण आपल्याला परीक्षेपुरतं पाठ असतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

पण १९१८ हे साल त्यांच्या घरासाठी फार वाईट होतं. शिकारीची हौस मुलांकडेही आली होती. धाकटे राजपुत्र शिवाजी १९ वर्षांचे, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचे. १२ जूनला ते रानडुकराच्या मागे घोडा टाकून निघाले. घोड्यावरून पडले आणि त्यातच गेले. लग्नाला जेमतेम एक वर्ष झालेलं. मागे राहिल्या इंदुमतीदेवी, वय साधारण १२.

त्या काळात राजघराण्यातल्या बालविधवेचं पुढे काय व्हायचं, ते वेगळं सांगायला नको. पडदा, सोवळं, आयुष्यभर एक खोली. शाहूंनी आदल्याच वर्षी संस्थानात विधवा विवाहाचा कायदा केला होता. पण कायदा बाहेरच्यांसाठी करणं वेगळं आणि घरातल्या बायकामाणसांशी वाद घालणं वेगळं. सुनेला शिकवायचं म्हटल्यावर घरातूनच विरोध झाला. महाराज हटले नाहीत. त्यांनी सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, बरोबर शिकायला आणखी मुली ठेवल्या. मुलाच्या दुःखातून सावरत असलेला हा बाप सुनेच्या अभ्यासाची चौकशी करत राहिला.

मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या धाडसांत हे सगळ्यात अवघड. डुकरासमोर भाला धरायला छाती लागते, पण तिथे निदान आप्त समोर उभे नसतात.

इंदुमतीदेवी १९२५ मध्ये मॅट्रिक झाल्या. निकाल ऐकायला महाराज नव्हते. ६ मे १९२२ ला, अवघे ४७ वर्षांचे असताना, मुंबईत त्यांचं निधन झालं होतं.