बाबासाहेबांच्या शिक्षणाचा जमाखर्च

बारावीचे निकाल लागले की आपल्या वसतिगृहाच्या कार्यालयात पालकांची वर्दळ सुरू होते. शिष्यवृत्तीस पात्रता काय, उत्पन्नाची मर्यादा किती, बँकेच्या शैक्षणिक कर्जाला जामीन कोणाचा द्यावा, मुलाला नोकरी लागली नाही तर हप्ते कोणी भरावेत, असे प्रश्न संकोचाने विचारले जातात. हा संकोच पाहिला की परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेची आठवण होते. त्यांच्या पदव्या आपल्या प्रत्येक सभेत, प्रत्येक भित्तिपत्रकावर मोजल्या जातात. त्या पदव्यांचे पैसे कोठून आले, कोणत्या अटींवर आले आणि कसे फेडले गेले, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तीच बाजू मांडावी असे वाटले.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे सैनिकी शाळेत शिक्षक होते. सेवानिवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्याहून मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. रामजींचे निवृत्तिवेतन दरमहा पन्नास रुपये. एवढ्यात मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवायचा आणि भीमरावांना क्रमिक पुस्तकांखेरीज हवी असलेली पुस्तकेही आणून द्यायची. पैसे नसले की रामजी आपल्या विवाहित मुलींच्या घरी जात. रोख रक्कम मिळाली तर ठीक; न मिळाल्यास मुलीचा एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवत, पुस्तक विकत आणत आणि निवृत्तिवेतन हाती पडले की दागिना सोडवून मुलीला परत करत. बाबासाहेबांच्या शिक्षणासाठी काढलेले पहिले कर्ज हे असे होते. त्याला तारण होते बहिणींच्या अंगावरचे सोने. विद्वत्तेचा इतिहास लिहिताना या बहिणींची नोंद क्वचितच होते, हे आपल्या समाजाने लक्षात घ्यायला हवे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने हा टप्पा गाठणे ही त्या काळी एवढी मोठी घटना होती की त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. सी. के. बोले सभेचे अध्यक्ष होते. याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. त्या भेटीचे महत्त्व आपण सारे जाणतो. केळुसकरांचे दुसरे उपकार तितकेच मोठे आहेत. महाविद्यालयाचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि भीमरावांना दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळू लागली. त्या बळावर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले.

पदवीनंतर १९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. वडिलांना ही नोकरी पसंत नव्हती. थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजींचे निधन झाले. घरातील एकमेव आधार गेला. त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले आणि त्यांत भीमरावांची निवड झाली.

या शिष्यवृत्तीच्या अटी नीट पाहण्यासारख्या आहेत. ४ जून १९१३ रोजी बडोद्याच्या विद्याधिकाऱ्यांसमोर करारपत्रावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. त्या वेळच्या पंधरा रुपयांस एक पौंड या भावाने ही रक्कम महिन्याला पावणेदोनशे रुपयांच्या आतबाहेर होते. तीन वर्षांच्या शिक्षणाच्या बदल्यात दहा वर्षांची सेवा! सयाजीरावांच्या औदार्याविषयी कोणतीही शंका न घेता म्हणता येईल की ही निव्वळ देणगी नव्हती. तो दोन पक्षांमधील करार होता आणि बाविसाव्या वर्षी बाबासाहेबांनी तो पूर्ण जाणीवेने स्वीकारला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मिळालेल्या वेळेचा क्षणक्षण वापरला. त्याच साडेअकरा पौंडांतून घरी रमाईंना पैसे पाठवायचे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथही घ्यायचे. १९१५ साली एम. ए. झाले. पुढील वर्षी मे महिन्यात भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला आणि भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंधही सादर केला. येथेच त्यांची नवल भथेना या पारशी तरुणाशी वसतिगृहातील सोबती म्हणून गाठ पडली. पुढील प्रत्येक आर्थिक संकटात हे नाव आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडनला पोचले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपली आणि बडोद्याच्या दिवाणांकडून परत येण्याचा आदेश आला. प्रबंध अर्धवट राहिला. चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबई गाठली. सामान व ग्रंथ दुसऱ्या बोटीने येत होते. ती महायुद्धात बुडाली.

आता करार पाळण्याची वेळ होती आणि बाबासाहेब तो पाळण्यासाठी बडोद्यास गेले. कोलंबियाचा विद्वान संस्थानच्या कचेरीत बसू लागला, पण शिपाई त्याच्या टेबलावर कागद दुरून फेकत. शहरात राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि जागा सोडण्यास सांगून गेला. ओळखीच्या एका हिंदू व एका ख्रिस्ती गृहस्थांकडे आसरा मागितला. दोन्हीकडे निराशाच पदरी आली. एका बागेतील झाडाखाली बसून त्यांनी काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईची वाट धरली. महाराजांच्या कानांवर प्रकार गेला, परंतु दिवाणांनी आपण काही करू शकत नसल्याचे कळविले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. दहा वर्षांच्या सेवेचा करार मोडला, ही वस्तुस्थिती आहे. पण तो मोडला कोणी? नोकरी करू इच्छिणारा माणूस कचेरीत हजर होता. ज्या नगरीची सेवा करायची त्या नगरीने त्याला रात्रीची पथारी पसरण्यापुरती जागा दिली नाही. करारपत्रात विद्यार्थ्याची कर्तव्ये लिहिली होती. समाजाच्या वर्तनाविषयी त्यात एक ओळही नव्हती. संस्थानच्या हिशेबवहीत मात्र बाकी बाबासाहेबांच्याच नावावर राहिली. शिक्षणावर खर्च झालेले पैसे परत करावेत अशी मागणी संस्थानकडून झाली आणि त्याविषयीचा पत्रव्यवहार पुढे बराच काळ चालला. कर्ज फेडण्याची ऐपत ज्या जातिव्यवस्थेने हिरावून घेतली, तिच्याकडून वसुली करण्याचा मार्ग कोणत्याही दप्तराला ठाऊक नव्हता.

मुंबईत परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना शेअरबाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. अखेर १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली, वेतन साडेचारशे रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती. तरीही बाबासाहेबांनी राहणी बदलली नाही. परळच्या त्याच चाळीत संसार चालू राहिला. रमाईंच्या हाती ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेली लंडनच्या अर्धवट प्रबंधासाठी बाजूला काढायची, हा क्रम १९२० च्या मार्चपर्यंत चालला. साडेचारशे रुपये मिळविणाऱ्या प्राध्यापकाची पत्नी काटकसरीने घर चालवते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे या बचतीत कोणाचा किती वाटा होता ते समजते.

बचत पुरेशी नव्हतीच. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. १९२० च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. या खेपेस दहा वर्षांची अट नव्हती, जामीन नव्हता, तारणही नव्हते. मित्राचा विश्वास एवढाच त्या व्यवहाराचा कागद होता.

लंडनमधील दिवसांत त्यांना ज्या संकटाने गाठले, तेच त्यांच्या प्रबंधाचा विषय होते. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर चढला होता. १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास घसरला. सरळ हिशेब करावा. दोन शिलिंगांच्या भावाने पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या भावाने तेच रुपये सव्वातीनशे पौंडांच्या थोडे वर जातात. खाणावळीचे बिल, परीक्षेचे शुल्क, बोटीचे भाडे, सारे पौंडात द्यायचे. आज ज्या पालकांची मुले परदेशी शिकतात, त्यांना डॉलरचा भाव वाढला की हप्त्याचे गणित कसे कोसळते हे वेगळे सांगायला नको. सकाळी पावाचा तुकडा, रात्री परिचिताने दिलेले पापड भाजून खायचे आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचत बसायचे, असा तो काळ गेला.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड मागितले. कायद्याच्या शिक्षणाचे शुल्क आणि परतीचा प्रवास यांसाठी ती रक्कम हवी होती. हुंडणावळीचा भाव पडल्याने अडचण ओढवल्याचे त्यांनी स्पष्ट लिहिले. महत्त्वाचे हे की त्यांनी देणगी मागितली नाही. कर्ज मागितले आणि परतल्यावर व्याजासह फेडण्याची हमी दिली. ज्या राजाने माणगावच्या परिषदेत त्यांना जाहीरपणे पुढारी म्हणून गौरविले होते, त्याच्यापुढेही हात पसरायचा नाही, ही वृत्ती त्या पत्रात दिसते. भथेनांना लिहितानाही आपण वारंवार तसदी देत आहोत याची खंत ते व्यक्त करीत.

एम. एस्सी. झाली, बॅरिस्टरी झाली, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ साली डी. एस्सी. मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, तेव्हा वकिलीची सनद काढण्याइतकेही पैसे जवळ नव्हते. तीही अडचण नवल भथेनांनीच दूर केली. कोलंबियाची पीएच. डी. तर छापील प्रती सादर करण्याच्या नियमामुळे अडून राहिली होती. १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये पदवी हाती आली. प्रबंध लिहून झाल्यापासून त्याची पदवी मिळेपर्यंत इतकी वर्षे जाण्यामागे छपाईचा खर्च हेही एक कारण होते.

या दोन ग्रंथांच्या अर्पणपत्रिका एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस वाहिला. शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दलची कृतज्ञता त्यात आहे. प्रांतिक अर्थव्यवस्थेचा ग्रंथ त्यांनी सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला, तोही शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून. बडोद्याने त्यांना रस्त्यावर काढले होते आणि त्याच बडोद्याने पैसेही परत मागितले होते. तरी सयाजीरावांचे ऋण त्यांनी ग्रंथाच्या पहिल्या पानावर मान्य केले. दप्तराची बाकी वेगळी आणि माणसाचे उपकार वेगळे, हा भेद त्यांनी कटुता येऊ न देता सांभाळला.

पुढे सत्तेच्या जागी पोचल्यावर त्यांनी काय केले, हे पाहिले पाहिजे. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, तेव्हा हाती साधने तुटपुंजी होती. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले. विज्ञान व तंत्रशिक्षणाचा खर्च आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेर आहे, सरकारी साहाय्याशिवाय ती त्या शाखांत शिरूच शकणार नाहीत, असे त्यांनी मांडले. विद्यापीठीय विज्ञानशिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देते, तर आम्हांला का नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू लागली आणि काही तरुण परदेशीही गेले. जन्मभर कर्जाऊ पैशांवर शिकलेल्या माणसाने पुढच्या पिढीसाठी कर्ज मागितले नाही. हक्काचे अनुदान मागितले. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी महाविद्यालयात असताना शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही केली आहे, त्यांचे नाव त्या मागणीशी जोडलेले आहे.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढील वर्षी जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. गरीब मुलांना नोकरी सोडून शिकता येत नाही आणि शिक्षण सोडून नुसती नोकरी केली तर पुढे जाता येत नाही, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. म्हणून तेथील वर्ग भल्या सकाळी भरवले जात, म्हणजे मुलांना तास आटोपून वेळेवर कचेरीत पोचता येई.