ओवीतून शुभवर्तमान सांगणारे फादर स्टीफन्स

आज नाताळ. बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मलेल्या बाळाची कथा आज जगातील असंख्य भाषांत वाचली जाईल. हीच कथा चार शतकांपूर्वी आपल्या मराठी ओवीत सांगणारा कवी जन्माने इंग्रज होता, हे ऐकून आमच्या अनेक श्रोत्यांना नवल वाटते. त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र आजच्या पर्वकाळी वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात १५४९च्या सुमारास झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पंथीयांची उपासना, म्हणजे मिस्सा, हा गुन्हा ठरला होता. आपल्या श्रद्धेप्रमाणे देवपूजा करावयाची तर तुरुंगाची तयारी ठेवावी लागे. स्टीफन्स यांनी स्वदेश सोडला, रोम गाठले आणि १५७५ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले इंग्रज मानले जातात. त्यानंतर १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत ते येथेच राहिले. त्यांच्या आयुष्याची बहुतेक वर्षे साष्टी प्रांतात गेली.

येथे एक कटू सत्य सांगितल्याविना पुढे जाणे, ही वाचकांशी प्रतारणा होईल. स्टीफन्स आले त्यापूर्वीच १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले होते. साष्टीतील देवालये पाडली गेली होती. श्रीमंगेश आणि श्रीशांतादुर्गा यांच्या मूर्ती भक्तांनी नदीपलीकडे नेऊन वाचविल्या, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. मराठी व संस्कृत पोथ्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या. पुराणश्रवण व कीर्तन बंद पडले. ज्यांच्या मायदेशी स्वधर्माचरणास बंदी होती, ते स्टीफन्स परक्या देशी बंदी घालणाऱ्यांच्या बाजूचे होते. हा विरोध आम्हांस झाकावयाचा नाही. तथापि त्याच भूमीत त्यांच्या हातून जे घडले, तेही झाकणे न्यायाचे होणार नाही.

ते भाषा शिकले. कोकणी आत्मसात करून त्यांनी तिचे व्याकरण रचले. हे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० मध्ये छापले गेले. १५८३ मध्ये बंधूस लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी हाच विचार मांडला तो १७८६ मध्ये, दोनशे वर्षांनंतर. संस्कृतच्या अभ्यासकाने हे ऋण विसरू नये.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची मिस्सा लॅटिनमध्ये चाले. सण येत आणि जात, परंतु त्या सणांमागील कथा त्यांच्या कानी स्वभाषेत पडत नसे. स्टीफन्स यांनीच आपल्या ग्रंथात सांगितले आहे की, एका ब्राह्मणाने त्यांना विचारले: आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? आम्हां कीर्तनकारांस या प्रश्नाचे मर्म चटकन उमगते. सिद्धांत कितीही शुद्ध असो, संसारी माणसाचा भाव कथेवाचून तग धरीत नाही. रामनवमीस जन्माख्यान नसेल, तर सुंठवडा हाती घेऊनही मन रितेच राहते.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ निर्माण झाले. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अध्याय. ओव्यांची संख्या १०,९६२. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराचे कथानक आहे; दुसऱ्यात शुभवर्तमानातील येशूचे चरित्र. नाताळचा जन्म, गुड फ्रायडेचे दुःखभोग, ईस्टरचे पुनरुत्थान, वर्षभराच्या सणांची ही सारी आख्याने तेथे ओवीबद्ध झाली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. आरंभी रत्ने, फुले, पक्षी यांच्या उपमा देऊन मराठीची थोरवी गायिली. पैठणला एकनाथमहाराज ज्या काळात ओवीतून भागवताचा अर्थ सांगत होते, त्याच काळात स्टीफन्स साष्टीत राहून ही भाषा आपलीशी करीत होते.

ग्रंथ देशी अक्षरांत छापावा अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ मध्ये रोमला पाठविलेल्या पत्रात त्यांनी तशी विनंती केली. परंतु रोमन लिपीस चोवीस खिळे पुरतात, तर येथील जोडाक्षरांसाठी सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचण होती. अखेर १६१६ मध्ये राशोल येथे ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. रविवारी व सणावारी देवळात तो वाचला जाऊ लागला. मिस्सा लोकभाषांत सर्वत्र होऊ लागली ती विसाव्या शतकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. साष्टीतील शेतकऱ्याने मात्र शुभवर्तमान आपल्या ओळखीच्या बोलीत कितीतरी आधी ऐकले.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने, लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. ज्या राजसत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स येथे आले, तिनेच त्यांच्या ओवीची भाषा निषिद्ध ठरविली. तरीही कानडा मुलुखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. १९०७ मध्ये मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापला गेला, आणि १९५६ मध्ये पुण्यास देवनागरी आवृत्ती निघाली. कवीची इच्छा पुरी होण्यास साडेतीनशे वर्षांच्या आसपास काळ जावा लागला.

वाचकहो, देवालये पडली त्याचे दुःख आम्हांस आहे, आणि ते राहील. पण ज्या लोकांचे श्रवण हिरावले गेले होते, त्यांना त्यांच्याच भाषेत काही ऐकावयास मिळावे म्हणून एका परदेशी साधूने आपले आयुष्य वेचले, हेही तितकेच खरे. आज शेजारच्या ख्रिस्ती घरी चांदणीचा कंदील लागलेला दिसेल, फराळाचे ताट येईल. ते स्वीकारताना, त्यांच्या या सणाची कथा आपल्या ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीतही गायिली गेली आहे, एवढे स्मरण असावे.